झाकली मूठ

कंटेनर हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे न्हावाशेवा बंदरातल्या त्या रंगीत लोखंडी पेट्या उभ्या राहतात. पेटीत कापूस आहे की काजू, याच्याशी क्रेनला काही कर्तव्य नसते. पेटीचे माप ठरलेले, कोपऱ्यांवरच्या खाचा ठरलेल्या. त्यामुळे ती बोटीवरून आगगाडीवर आणि आगगाडीवरून ट्रेलरवर बिनबोभाट चढते. संगणकवाल्यांनी हा शब्द उचलला तो नेमक्या याच आशेने. प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या फायली, त्याची सारी सामग्री एका पेटीत बंद करावी आणि ती पेटी कोणत्याही यंत्रावर ठेवली की आतले काम तसेच चालावे, ही ती आशा. ती बव्हंशी खरी ठरली. जेथे ठरली नाही, त्या एका जागेविषयी मी आज बोलणार आहे. कारण त्या जागी यंत्राला शहाणपणाने थोडे खोटे बोलायला शिकवावे लागते.

आधी माझीच एक फजिती सांगतो. २०१६ सालची गोष्ट. एका संस्थेच्या यंत्रशाळेत आमचा एक मोठा हिशेब चालू होता. अकरा दिवस अखंड चाललेला. त्या खोलीतल्या नव्या यंत्रांची वीज देखभालीसाठी रात्रभर बंद राहणार, असा निरोप आदल्या दिवशी आला. हिशेब थांबवला तर अकरा दिवस पाण्यात. तेव्हा ठरले की, चालता प्रोग्रॅम आहे त्या अवस्थेत गोठवायचा, त्याची सगळी स्मृती फायलीत उतरवून घ्यायची आणि शेजारच्या जुन्या यंत्रावर त्याला पुन्हा जागे करायचे. बिऱ्हाड हलवावे तसे. फक्त घरातल्या माणसांना कळूही द्यायचे नाही.

जुन्या यंत्रावर पेटी उघडायला गेलो तर साधनाने साफ नकार दिला. दोन यंत्रांच्या प्रोसेसरांचे गुण जुळत नाहीत, म्हणाले. संध्याकाळचे सहा वाजले होते. वीज सातला जाणार. माझा सहकारी म्हणाला, “अहो, ही तपासणी बंद करता येते.” मी म्हटलं, “कर बंद.” प्रोग्रॅम मुकाट्याने जागा झाला, जिथे थांबला होता तिथून पुढे मोजू लागला. आम्ही एकमेकांकडे विजयी मुद्रेने पाहिले, जागा अडते म्हणून ती स्मृतीची फाइल पुसून टाकली आणि घरी गेलो. पहाटे दोनला फोन आला: “सर, हिशेब मधेच पडलाय. ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणतोय.” अवैध आज्ञा. अकरा दिवस गेले ते गेलेच.

हे का झाले, हे समजायला प्रोसेसरच्या स्वभावाकडे वळले पाहिजे.

तुमच्याआमच्या टेबलावरच्या आणि यंत्रशाळांतल्या बहुसंख्य संगणकांत जे प्रोसेसर असतात, ते एका मोठ्या घराण्यातले आहेत. घराण्याचा नियम असा की, नव्या पिढीला जुन्या पिढीची सगळी भाषा यायलाच हवी. शिवाय ती आपले काही नवे शब्द घेऊन येते. हे नवे शब्द म्हणजे नव्या आज्ञा. १९९७ साली एमएमएक्स नावाचा संच आला, १९९९ साली एसएसई आला, २०१० साली गुप्तलेखनाच्या गणितासाठी खास आज्ञा आल्या, २०११ साली एव्हीएक्स, २०१३ साली हॅसवेल या पिढीबरोबर एव्हीएक्स-२, आणि २०१७ साली सर्व्हरच्या प्रोसेसरांत एव्हीएक्स-५१२. शेवटच्या तिघांचे काम एकाच धर्तीचे: एका आज्ञेत एकाच वेळी अनेक संख्यांवर क्रिया करायची. ज्याला हजारो संख्यांचे गुणाकार करायचे आहेत, त्याच्या दृष्टीने ही चैन नव्हे, मोठी मिळकत आहे.

पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कसे कळावे की, ज्या यंत्रावर हा चालेल त्याला कोणते शब्द येतात? यासाठी १९९३ साली पेंटियमबरोबर एक आज्ञा रूढ झाली. तिचे नाव सीपीयूआयडी. ही आज्ञा म्हणजे प्रोसेसरला विचारलेला प्रश्न: बाबा रे, तू कोण, आणि तुला काय काय येते? उत्तरादाखल प्रोसेसर आपल्या कंपनीचे बारा अक्षरी नाव सांगतो, पिढी सांगतो आणि गुणांची एक लांबलचक यादी देतो. यादीत प्रत्येक गुणासाठी एकेक खूण असते: एक म्हणजे येते, शून्य म्हणजे येत नाही.

आता गंमत पाहा. चांगला प्रोग्रॅम हा प्रश्न एकदाच विचारतो, अगदी सुरुवातीला. एकच काम करणारे चार-पाच निरनिराळे तुकडे त्याच्याजवळ तयार असतात: एक साध्या यंत्रासाठी, एक एव्हीएक्सवाल्यासाठी, एक एव्हीएक्स-२ वाल्यासाठी. उत्तर ऐकून तो त्यांतला सर्वांत वेगवान तुकडा निवडतो, त्याचा पत्ता लिहून ठेवतो आणि मग जन्मभर त्याच पत्त्यावर जात राहतो. यात गैर काही नाही. दर वेळी विचारत बसला तर विचारण्यातच वेळ जाईल. आणि धावत्या यंत्राचा प्रोसेसर मधेच बदलेल असे कोणाच्या स्वप्नात होते?

दौऱ्यावरच्या नाटक मंडळीचे उदाहरण घ्या. व्यवस्थापक नाट्यगृहात पाऊल टाकताच विचारतो, फिरता रंगमंच आहे का? आहे म्हटले की प्रवेशांची सारी आखणी त्यावर बेततो. पहिला अंक रंगतो. मध्यंतरात कोणी अदृश्य हाताने सगळी मंडळी, नेपथ्य, प्रेक्षकसुद्धा उचलून तालुक्याच्या सभागृहात नेऊन ठेवले, आणि कोणालाच काही सांगितले नाही. तिसऱ्या अंकाच्या प्रारंभी व्यवस्थापक खूण करतो, “फिरवा!” फिरवायचे काय? आमचा हिशेब पहाटे दोनला याच जागी येऊन पडला. तो नव्या, म्हणजे हॅसवेल पिढीच्या यंत्रावर सुरू झाला होता. गणिताच्या लायब्ररीने तेथे एव्हीएक्स-२ चा तुकडा निवडला होता. जुने यंत्र आयव्ही ब्रिज या आधीच्या पिढीचे, त्याला ती भाषा येत नव्हती. प्रत्येक टप्प्याच्या शेवटीच त्या तुकड्याची गरज लागे, म्हणून संध्याकाळी सहा ते पहाटे दोनपर्यंत सगळे आलबेल दिसले.

तुम्ही म्हणाल, पडला तर पडला. निदान कळले तरी. अगदी बरोबर. पुढे चौकशी करताना जे कळले त्याने माझी खरी झोप उडवली. हॅसवेलमध्ये एलझेडसीएनटी नावाची एक आज्ञा आली. संख्येच्या डाव्या टोकाला किती शून्ये आहेत, ते ही मोजते. हिचे यंत्रभाषेतले रूप म्हणजे बीएसआर या जुन्या आज्ञेच्या मागे एक उपसर्ग लावलेला. जुन्या प्रोसेसरला हा उपसर्ग येथे निरर्थक वाटतो. तो त्याकडे दुर्लक्ष करतो आणि बीएसआरच करून मोकळा होतो. बीएसआर काय सांगते? सर्वांत वरचा एक कितव्या घरात आहे, ते. बत्तीस घरांच्या मापात २५६ ही संख्या घेतली तर नवे यंत्र २३ असे उत्तर देईल, जुने यंत्र ८ असे देईल. ना तक्रार, ना अवैध आज्ञेची ओरड. प्रोग्रॅम चुकीचे उत्तर घेऊन पुढे चालता होतो. आमच्या नाट्यगृहात फिरता रंगमंच नव्हता हे ठीक; पण तीच दोरी ओढल्यावर पडदा पडत असेल आणि प्रेक्षक नाटक संपले समजून घरी जात असतील, तर? आमचा प्रोग्रॅम पडला, हे आमचे नशीबच म्हणायचे. तो न पडता अठराव्या दिवशी चुकीचा आकडा घेऊन आला असता, तर तो आकडा आम्ही सहीशिक्क्यानिशी पुढे पाठवला असता.

आता उपायाकडे येऊ. तो ऐकायला सोपा आहे. चार यंत्रांवर बिऱ्हाड फिरणार असेल, तर चौघांनाही येते तेवढीच भाषा प्रोग्रॅमला सांगायची. ज्याला जास्त येते त्याने मूठ झाकून ठेवायची. म्हणजे पहिल्या दिवशी प्रश्न आला की नव्या प्रोसेसरनेही म्हणायचे, “एव्हीएक्स-२? छे, मला नाही बुवा येत.” प्रोग्रॅम बिचारा साधा तुकडा निवडतो आणि मग कोठेही गेला तरी अडत नाही.

हा उपाय नवा नाही. ज्याला आभासी यंत्र म्हणतात, म्हणजे एका खऱ्या संगणकात उभे केलेले संपूर्ण खोटे संगणक, त्यांच्या जगात तो केव्हाच रुळला. व्हीएमवेअर कंपनीने २००३ साली चालते आभासी यंत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची सोय बाजारात आणली, आणि २००८ साली, निरनिराळ्या पिढ्यांच्या संगणकांचा कळप करून त्यांतल्या सर्वांत अशक्ताच्या बेताने इतरांचे गुण झाकण्याचीही. तेथे हे सोपे जाते. आभासी यंत्रात सीपीयूआयडी ही आज्ञा आली की इंटेलचा प्रोसेसर तेथल्या तेथे थांबतो आणि कारभार बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती देतो. तो व्यवस्थापक, ज्याला हायपरव्हायझर म्हणतात, हवे ते उत्तर लिहून परत पाठवतो. प्रश्न विचारणाऱ्याला खऱ्या प्रोसेसरचे तोंडही दिसत नाही.

कंटेनरची गोष्ट वेगळी. कंटेनरात खोटा संगणक नसतोच. असतो तो एक साधा प्रोग्रॅम, इतर प्रोग्रॅमांच्या शेजारी, एकाच कर्नेलच्या छत्राखाली. कर्नेल म्हणजे यंत्राचा कारभारी. लिनक्सच्या कर्नेलने या प्रोग्रॅमभोवती एकेक करून भिंती उभ्या केल्या. २००२ साली फायलींच्या झाडापुरती भिंत आली, पुढे प्रोग्रॅमांच्या क्रमांकांची, जाळ्याची, आणि २०१३ साली वापरकर्त्यांची भिंत पुरी झाली. त्याच वर्षी डॉकर आले आणि हा सगळा सरंजाम सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती पडला. चाळीतल्या खोल्यांसारखे हे आहे: दार वेगळे, कुलूप वेगळे, पण छप्पर, जिना आणि पाण्याची टाकी एकच. आणि प्रोसेसरला तर भिंत नाहीच. सीपीयूआयडी ही आज्ञा कोणीही, केव्हाही, कोणाची परवानगी न घेता देऊ शकतो. कर्नेलला पत्ताही लागत नाही. मग खोटे उत्तर देणार कोण?

चालते कंटेनर हलवण्याची विद्या मात्र तोवर बरीच पुढे गेली होती. ओपनव्हीझेड या कंटेनर पद्धतीत ती कर्नेलच्या पोटातच होती. पण एवढे मोठे यंत्र आपल्या पोटात घ्यायला मुख्य कर्नेलचे सांभाळकर्ते तयार नव्हते. तेव्हा पावेल एमेल्यानोव्ह यांनी २०११ साली उलटा मार्ग धरला. जेवढे करता येईल तेवढे कर्नेलच्या बाहेरून करायचे आणि कर्नेलकडे फक्त लहानसहान सवलती मागायच्या. हा प्रकल्प म्हणजे क्रियू. कर्नेलचे एक ज्येष्ठ सांभाळकर्ते अँड्र्यू मॉर्टन यांनी यातले पहिले तुकडे स्वीकारताना, हा काही वेड्या रशियनांचा उद्योग आहे, अशी थट्टा केली होती आणि तो तडीस जाईल की नाही याबद्दल शंकाही व्यक्त केली होती. तो तडीस गेला. २०१३ च्या अखेरीस त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. क्रियू प्रोग्रॅमची स्मृती, उघड्या फायली, प्रोसेसरमधले क्षणाचे आकडे, इतकेच काय, दूरच्या यंत्राशी चालू असलेले संभाषणसुद्धा गुंडाळून ठेवतो आणि दुसरीकडे जसेच्या तसे उलगडतो. प्रोसेसरांचे गुण जुळतात की नाही हेही तो तपासतो. ज्या तपासणीला मी “कर बंद” म्हटले, ती हीच. साधनाचा यात काडीचाही दोष नव्हता.

तर प्रश्न उरला खोट्या उत्तराचा. त्याची किल्ली प्रोसेसरमध्येच सापडली. आयव्ही ब्रिजपासून इंटेलने एक सोय ठेवली आहे. कारभाऱ्याने एक खूण चढवली, तर सामान्य प्रोग्रॅमने दिलेली सीपीयूआयडी आज्ञा मान्य न होता दोष म्हणून कर्नेलकडे येते. २०१७ साली लिनक्सच्या ४.१२ या आवृत्तीत ही सोय प्रोग्रॅमांना वापरता येईल अशी उघडी करण्यात आली. मौज अशी की, ज्यांनी ती मागून घेतली त्यांना कंटेनर हलवायचे नव्हते. ते ‘आरआर’ नावाचे साधन करीत होते. प्रोग्रॅमची चाल नोंदवून ठेवायची आणि नंतर दुसऱ्या यंत्रावरही ती पाऊलभर न चुकता पुन्हा घडवायची, असे त्याचे काम. त्यांनाही नेमका हाच झाकण्याचा प्रश्न पडला होता.

पण मुख्य कर्नेलमधल्या या सोयीला एक मेख आहे. ती एकेका प्रोग्रॅमपुरती असते. त्या प्रोग्रॅमने आपले अपत्य जन्माला घातले तर झाकण त्याच्यावरही राहते; मात्र अपत्याने अंगरखा बदलून दुसराच प्रोग्रॅम सुरू केला की झाकण गळून पडते. कंटेनरात तर हेच अहोरात्र चालते. एक लहान प्रोग्रॅम दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला. शिवाय दोष झाला की कर्नेल स्वतः उत्तर देत नाही, त्या प्रोग्रॅमलाच टोचणी देतो. उत्तर कोणी बाहेरच्या पहारेकऱ्याने तयार करावे लागते. आरआरसारख्या पहारेकऱ्याला ते जमते. साध्या कंटेनरावर असा पहारेकरी बसवला तर सगळेच काम रखडू लागेल. म्हणून व्हर्च्युओझ्झो कंपनीने आपल्या कर्नेलात पुढचे पाऊल टाकले: एक छोटी तक्ताफाइल ठेवली, आणि कंटेनरातून प्रश्न आला की कर्नेल स्वतः त्या तक्त्यावरून उत्तर देतो. आर्म जातीच्या प्रोसेसरांवर, म्हणजे आपल्या मोबाइल फोनात असतात त्यांवर, हे मुळातच सोयीचे आहे. तेथे ओळखीचे आकडे वाचायला गेले की कर्नेल मधे पडतो आणि आपल्याला योग्य वाटते तेवढेच वाचून दाखवतो. दोन घराण्यांत ही एक गोष्ट आर्मने अधिक विचाराने केली, असे माझे मत.

झाकण पुरते बसवायचे तर आणखी फटी बुजवाव्या लागतात. प्रोसेसरच्या गुणांची एक छापील यादी कर्नेल स्वतःच एका फायलीत दाखवतो. कित्येक प्रोग्रॅम प्रश्न न विचारता ती फाइल वाचतात. दुसरी फट अधिक चिवट. प्रोग्रॅम क्षणभर बाजूला ठेवताना त्याचे सगळे आकडे एका पेटीत ठेवावे लागतात. जुन्या यंत्रात ती पेटी ५१२ बाइटांची होती. एव्हीएक्स आल्यावर ८३२ झाली. एव्हीएक्स-५१२ आल्यावर २६०० च्या वर गेली. मोठ्या पेटीतले सामान लहान पेटीत मावणार कसे? यादीत गुण झाकला, पण पेटीचे माप झाकायला विसरला, तर बिऱ्हाड दारातच अडते. आणि कोणते कप्पे उघडे आहेत हे विचारणारी एक वेगळीच आज्ञा आहे. ती या झाकणाखाली येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे असे की, झाकणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. यादीत शून्य लिहिले म्हणून प्रोसेसरची शक्ती जात नाही. एखाद्या उतावळ्या प्रोग्रॅमने न विचारताच ती आज्ञा दिली, तर नवे यंत्र ती निमूटपणे पार पाडील, आणि बिऱ्हाड हलल्यावर पुन्हा पहाटे दोनचा फोन. सारा व्यवहार प्रोग्रॅमच्या सभ्यपणावर उभा आहे. बहुतेक प्रोग्रॅम सभ्य असतात, हा अनुभव आहे. पण आपल्या यंत्राच्या मापाने शिवून घेतलेला प्रोग्रॅम, म्हणजे जो तयार करतानाच ‘याच प्रोसेसरसाठी’ असे सांगून केला आहे, तो विचारण्याच्या भानगडीत पडत नाही. तो पेटीत असेल तर कोणतेही झाकण कामाचे नाही.

झाकण घालायचे ते जन्माआधी. चालत्या प्रोग्रॅमवर ते घालून उपयोग नाही. तो पाहायचे ते पाहून बसलेला असतो. याचा धडा २०१४ साली साऱ्या जगाला मिळाला. हॅसवेलमध्ये टीएसएक्स नावाचा एक गुण होता. कुलपांच्या कामात तो वेळ वाचवी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यात दोष असल्याचे इंटेलने सांगितले आणि दुरुस्ती म्हणून तो गुणच बंद करणारे सूक्ष्मलेखन पाठवले. काही ठिकाणी ही दुरुस्ती चालत्या यंत्रावर चढवली गेली. ज्या प्रोग्रॅमांनी सकाळी टीएसएक्स पाहून त्यावर बेत केला होता, ते दुपारी पटापट पडले. बिऱ्हाड हललेच नव्हते. घराचीच एक खोली नाहीशी झाली होती. त्यानंतर ही दुरुस्ती यंत्र सुरू होतानाच, अगदी प्रारंभी चढवण्याचा रिवाज पडला.

याहून नवलाची गोष्ट २०२१ ची. इंटेलने एकाच प्रोसेसरात दोन प्रकारचे गाभे घातले: थोरले शक्तिमान आणि धाकटे काटकसरी. थोरल्यांत एव्हीएक्स-५१२ करण्याची ताकद होती, धाकट्यांत नव्हती. प्रोग्रॅम तर क्षणात या गाभ्यावर, क्षणात त्या गाभ्यावर. शेवटी इंटेलने थोरल्यांची ती ताकद बंदच करून टाकली. एका घरात राहायचे तर मोठ्या भावानेही मूठ झाकली पाहिजे, हा न्याय चिमूटभर सिलिकॉनच्या तुकड्यातही लागू झाला.

झाकण्याची किंमत काय? ती कोणता गुण झाकला यावर आहे. मजकुराची ने-आण, यादीची छाननी, अशा रोजच्या कामांत एव्हीएक्स-२ झाकल्याचे फारसे जाणवणार नाही. मोठाल्या गणितात जाणवेल, चांगलेच. गुप्तलेखनाच्या आज्ञा झाकल्या तर ते काम कित्येक पटींनी मंद होते. माझ्या मते त्या कधीही झाकू नयेत. ज्या यंत्रात त्या नाहीत तेच कळपातून काढावे. खरे पाहता एकच मोठा कळप करण्याचा हट्ट धरू नये. जुन्यांचा एक, नव्यांचा एक असे दोन कळप केले की झाकण्याची पातळी दोहोंकडे सोसवणारी राहते. २०२० साली इंटेल, एएमडी, रेड हॅट आणि सूझे या कंपन्यांनी मिळून या घराण्याच्या गुणांच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्या येथे उपयोगी पडतात. तिसरी पायरी म्हणजे साधारण हॅसवेलची. सुटे गुण वेचत बसण्यापेक्षा ‘दुसऱ्या पायरीपर्यंत उघडे, वरचे झाकलेले’ असे म्हणणे सोपे आणि बिनचूक. रेड हॅटने २०२२ च्या आपल्या नवव्या आवृत्तीला दुसरी पायरी आणि २०२५ च्या दहाव्या आवृत्तीला तिसरी पायरी सक्तीची केली, त्यामुळे तळ आपोआपच वर येत चालला आहे.

हा सगळा खटाटोप हवाच कशाला, असे विचारणारेही पुष्कळ आहेत. कंटेनर मेला तर मरू द्या, दुसरीकडे नवा सुरू करा, म्हणतात. ज्याच्यापाशी स्वतःची काही आठवण नाही, आलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन जो मोकळा होतो, अशा कंटेनरापुरते हे शंभर टक्के खरे आहे. पण ज्याच्या पोटात अकरा दिवसांचा हिशेब आहे, किंवा शेकडो लोकांचे अर्धवट काम स्मृतीत आहे, त्याला मरा म्हणणे सोपे नाही.

आम्ही पुढे काय केले ते सांगतो. आमच्या कर्नेलात तक्त्याची सोय नव्हती. तेव्हा गरिबाघरचा उपाय केला. गणिताची जी लायब्ररी, ओपनब्लास, आम्ही वापरत होतो, तिला कंटेनर सुरू करतानाच परिस्थितीच्या चिठ्ठीतून सांगता येते की, स्वतः पाहू नकोस, यंत्र सँडी ब्रिज पिढीचे आहे असे धरून चाल. २०१७ पासून लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीलाही अशी चिठ्ठी देता येऊ लागली. चिठ्ठी वाचणाऱ्यालाच ती कळते, न वाचणाऱ्याला नाही, हा तिचा उणेपणा. पण आमच्या पेटीत वाचणारेच होते, ते एकेक करून तपासून घेतले. हिशेब पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केला. नवव्या दिवशी मुद्दाम त्याला जुन्या यंत्रावर नेले, एक टप्पा पुरा होऊ दिला आणि परत आणले. तपासणी या वेळीही नको म्हणाली, कारण तिला यंत्रे दिसतात, चिठ्ठी दिसत नाही. ती आम्ही पुन्हा बंद केली, मात्र या खेपेस कशासाठी बंद करतो आहोत ते कागदावर लिहून, आणि स्मृतीची फाइल जपून ठेवून. या खेपेस वेळ जास्त लागला, सुमारे दोन दिवस अधिक.

दोन वर्षांनी ती जुनी यंत्रे भंगारात गेली. नव्या यंत्रांवर नवी माणसे काम करू लागली. त्यांच्यातल्या एकाने मला एकदा विचारले की, एवढे चांगले यंत्र असून आपला हिशेब शेजारच्या विभागापेक्षा हळू का चालतो? मी त्याच्याबरोबर जाऊन पाहिले. कंटेनराच्या सुरुवातीच्या फायलीत आमची ती चिठ्ठी अजून तशीच होती. ती कोणी लिहिली, का लिहिली, हे तेथे कोणालाच माहीत नव्हते. मी ती ओळ त्याच्याकडूनच खोडून घेतली, आणि त्या फायलीत आजची तारीख घालून कारण लिहायला सांगितले.